कबुली, शोध आणि साक्ष : अभिजात फिल्म न्वार व आधुनिक गुन्हेपट यांचा तौलनिक विचार

सारांश

अभिजात फिल्म न्वार आणि त्यानंतरचा आधुनिक गुन्हेपट यांतील फरक सामान्यतः हिंसेचे प्रमाण, सेन्सॉरची बंधने आणि शेवटी गुन्हेगाराला होणारी शिक्षा या निकषांवर मांडला जातो. हे निकष अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. गुन्ह्याविषयी कोण बोलतो, कोणाजवळ बोलतो आणि ऐकणाऱ्याला निवाडा करण्याची क्षमता आहे का, या तीन प्रश्नांच्या आधारे 'डबल इंडेम्निटी' (१९४४), 'चायनाटाऊन' (१९७४) व 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) या तीन अमेरिकन चित्रपटांची येथे चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : फिल्म न्वार, गुन्हेपट, पार्श्वनिवेदन, कबुली, नैतिक जबाबदारी.

प्रस्तावना

साहित्याच्या वर्गात चित्रपट हा पूरक पाठ म्हणून वापरताना एक अनुभव वारंवार येतो. विद्यार्थ्यांना जुना कृष्णधवल गुन्हेपट दाखवला की त्यांची पहिली प्रतिक्रिया असते, 'शेवटी पकडला जाणारच, हे आधीच ठाऊक होते.' उलट, आजचा गुन्हेपट दाखवला की अध्यापकांपैकी कोणीतरी म्हणतो, 'यात रक्तपाताशिवाय आहे काय?' दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. जुना चित्रपट बंधनात होता म्हणून तो नीतिमान, आणि नवा मुक्त आहे म्हणून तो वास्तव, असे ते गृहीतक होय. त्यातून एक पक्ष जुन्याला भाबडा ठरवतो, तर दुसरा नव्याला उथळ.

हे गृहीतक तपासणे केवळ चित्रपटाच्या इतिहासासाठी आवश्यक आहे, असे नाही. कलाकृती गुन्ह्याची कथा सांगते तेव्हा ती वाचकाला वा प्रेक्षकाला कोठे उभे करते, हा साहित्याच्या अध्यापनातील मूलभूत प्रश्न आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला गुन्ह्याची उकल आणि गुन्हेगाराचा पाडाव ही रचना परिचित आहे. तेथे वाचक न्यायाच्या बाजूला निश्चिंत उभा असतो. न्वार चित्रपटाने नेमकी हीच निश्चिंती काढून घेतली. ती कशी काढून घेतली आणि पुढील काळात तिचे काय झाले, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

अभ्यासाची व्याप्ती व मर्यादा

प्रस्तुत विवेचन अमेरिकन चित्रपटांपुरते मर्यादित आहे. हिंदी चित्रपटसृष्टीतही १९५० च्या दशकात 'बाजी' (१९५१) व 'सी. आय. डी.' (१९५६) यांसारख्या चित्रपटांनी मुंबईच्या रात्रीला न्वारची प्रकाशयोजना दिली, आणि 'सत्या' (१९९८) नंतर गुन्हेपटाला याच शहरात वेगळे वळण लागले. तथापि तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे प्रत्येकी सुमारे तीस वर्षांच्या अंतराने आलेले तीन चित्रपट निवडले आहेत. ते आपापल्या काळाचे प्रातिनिधिक आहेत, असा दावा नाही. मात्र बदलाची दिशा त्यांत स्पष्ट दिसते, एवढे निश्चित म्हणता येईल.

संज्ञेची पार्श्वभूमी

'फिल्म न्वार' म्हणजे काळा चित्रपट. ही संज्ञा हॉलिवूडची नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येणे बंद झाले होते. १९४६ मध्ये 'द माल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'डबल इंडेम्निटी' इत्यादी चित्रपट एकामागून एक पॅरिसमध्ये प्रदर्शित झाले आणि त्यांतील समान काळोखाकडे नीनो फ्रांक या समीक्षकाने लक्ष वेधले. १९५५ मध्ये रेमों बोर्द व एतिएन शोमतों यांनी या प्रकारावर पहिला विस्तृत ग्रंथ लिहिला. म्हणजे ज्या दिग्दर्शकांना आज आपण न्वारचे आचार्य मानतो, त्यांनी ते चित्रपट काढताना ही संज्ञा वापरली नव्हती. ते स्वतःच्या कृतींना गुन्हेपट किंवा मेलोड्रामाच म्हणत होते. सामान्यतः १९४१ चा 'द माल्टीज फाल्कन' ते १९५८ चा 'टच ऑफ ईव्हिल' हा अभिजात न्वारचा कालखंड मानला जातो.

या संपूर्ण काळात हॉलिवूडवर 'प्रॉडक्शन कोड' ही संहिता लागू होती. १९३० मध्ये स्वीकारलेली ही संहिता १९३४ पासून कडकपणे अमलात आली आणि १९६८ मध्ये वयानुसार वर्गीकरणाची पद्धत येईपर्यंत कागदोपत्री टिकली. गुन्ह्याबद्दल सहानुभूती निर्माण होऊ नये आणि गुन्हेगार शिक्षेवाचून सुटू नये, असा तिचा आग्रह होता. एडगर उल्मर यांच्या 'डीटूर' (१९४५) या अल्पखर्ची चित्रपटाच्या शेवटी पोलिसांची गाडी येऊन नायकाला घेऊन जाते. तो शेवट कथेतून उगवलेला नसून संहितेने लादलेला आहे, हे सहज जाणवते. तेव्हा 'पकडला जाणारच' हा विद्यार्थ्यांचा आक्षेप निराधार नाही. प्रश्न असा की, सर्वच न्वार चित्रपटांना तो लागू पडतो का?

'डबल इंडेम्निटी' : कबुली आणि श्रोता

बिली वाइल्डर यांचा 'डबल इंडेम्निटी' जेम्स केन यांच्या कादंबरीवर आधारित असून पटकथा वाइल्डर व रेमंड चँडलर यांनी लिहिली आहे. केन यांच्या कथेमागे १९२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाजलेला रूथ स्नायडर खटला होता. विमा एजंट वॉल्टर नेफ आणि फिलिस डीट्रिक्सन ही विवाहित स्त्री तिच्या पतीला विमा उतरवून ठार मारतात. रेल्वेच्या अपघातात मृत्यू झाल्यास दुप्पट रक्कम मिळण्याची तरतूद पॉलिसीत असते, म्हणून प्रेत रुळांवर टाकले जाते.

चित्रपटाची सुरुवातच शेवटापासून होते. गोळी लागलेला नेफ रात्री विमा कंपनीच्या कार्यालयात येतो आणि डिक्टाफोनवर सर्व हकिगत सांगू लागतो. पैसाही मिळाला नाही आणि स्त्रीही मिळाली नाही, हे पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाला समजते. म्हणजे 'पकडला जाणार का' हा प्रश्न वाइल्डर यांनी स्वतःच निकालात काढला आहे. विद्यार्थ्यांना जो दोष वाटतो, तीच या चित्रपटाची मुख्य रचना आहे. उत्कंठा शेवटाची नाही. एका चतुर, हसतमुख, सर्वसाधारण माणसाने हे का केले, याची आहे.

येथे श्रोता कोण, याकडे लक्ष दिले पाहिजे. नेफ पोलिसांना जबाब देत नाही. तो दावा विभागाचा प्रमुख बार्टन कीज याला उद्देशून बोलतो. कीज हा त्याचा वरिष्ठ सहकारी, जवळचा मित्र आणि खोटा दावा वासावरून ओळखणारा माणूस. कंपनीचा प्रमुख हा मृत्यू आत्महत्या ठरवू पाहतो, तेव्हा कीज आत्महत्यांच्या आकडेवारीचा पाढाच वाचतो आणि इतक्या मंद गतीच्या गाडीतून उडी मारून कोणी जीव देत नाही, हे दाखवून देतो. परंतु तोच कीज आपल्या शेजारी उभ्या असलेल्या गुन्हेगाराला ओळखत नाही, कारण तो त्याच्या फार जवळचा आहे. संपूर्ण चित्रपटात कीजच्या सिगारसाठी नेफ काडी पेटवून देतो. शेवटी जखमी नेफची सिगारेट पेटवून देण्यासाठी कीज काडी ओढतो. एका लहानशा कृतीत निवाडाही आहे आणि करुणाही.

वाइल्डर यांनी यापुढे गॅस चेंबरमधील देहदंडाचे दृश्य चित्रित केले होते आणि नंतर ते काढून टाकले. संहितेच्या कार्यालयालाही त्या दृश्याचे तपशील पसंत नव्हते, हे खरे. परंतु कथा या दोन माणसांमध्येच पूर्ण झाली आहे, अशी वाइल्डर यांची भूमिका होती, आणि चित्रपट पाहता ती पटते. कायद्याने दिलेली शिक्षा पडद्यावरून गेली आणि ज्याचा विश्वासघात केला त्याच्यासमोर उभे राहणे, ही शिक्षा उरली. कादंबरीच्या अखेरीस दोघे अपराधी आत्महत्येच्या मार्गावर निघतात. तेथे त्यांना सुटकेचा एक काळा दरवाजा तरी आहे. चित्रपटात तोही नाही. तेव्हा येथे संहितेचे बंधन पाळले गेले आहे, पण शेवटाचा अर्थ संहितेने दिलेला नाही.

प्रेक्षकाचे स्थान कोठे आहे? खून झाल्यावर, प्रेत रुळांवर टाकून दोघे मोटारीत बसतात आणि मोटार सुरू होत नाही. त्या क्षणी प्रेक्षागृहातील प्रत्येक सज्जन माणसाला मोटार सुरू व्हावी असे वाटते. मोटार सुरू होते, आपण निःश्वास टाकतो आणि मग आपण कोणासाठी निःश्वास टाकला, हे लक्षात येते. सहानुभूती निषिद्ध मानणाऱ्या संहितेच्या डोळ्यांदेखत वाइल्डर यांनी प्रेक्षकाला सहअपराधी केले आहे.

या चित्रपटाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. कबुली पुरुषाची आहे. फिलिसला निवेदन नाही. तिच्याविषयी आपल्याला जे समजते ते नेफच्या तोंडून, किंवा तिच्या सावत्र मुलीने त्याला सांगितलेल्या गोष्टींतून. पुरुषाला मोहात पाडून नाशाकडे नेणारी स्त्री ही न्वारची ठरीव व्यक्तिरेखा अशा एकतर्फी निवेदनातूनच घडली आहे. जॉन साइट्झ यांच्या छायाचित्रणात खिडकीच्या पडद्यांच्या पट्टेदार सावल्या तुरुंगाच्या गजांसारख्या नेफच्या अंगावर पडतात. पण त्या घरात तो येण्यापूर्वी ती स्त्री किती वर्षे राहत होती, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही.

'चायनाटाऊन' : शोधाचा पराभव

हाच प्रश्न तीस वर्षांनंतर 'चायनाटाऊन'ने विचारला. रोमन पोलान्स्की यांचे दिग्दर्शन आणि रॉबर्ट टाऊन यांची पटकथा असलेला हा चित्रपट १९३७ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. आता संहिता नाही, कृष्णधवल पडदाही नाही. रंगीत, रुंद पडद्यावर अवर्षणाने तापलेले शहर दिसते. अंधार दिवसाढवळ्या, कार्यालयांत आणि अभिलेखांत शिरला आहे. नळाला पाणी नसताना रात्री पाणी सोडून दिले जाते. खोऱ्यातील जमीन वृद्धाश्रमातील माणसांच्या नावे, त्यांच्या नकळत, विकत घेतली जाते. यामागे खरा इतिहास आहे. ओवेन्स खोऱ्याचे पाणी लॉस एंजेलिसला आणणारा जलमार्ग १९१३ मध्ये सुरू झाला आणि १९२८ मध्ये सेंट फ्रान्सिस धरण फुटून शेकडो माणसे मेली. टाऊन यांनी काळ पुढे सरकवला आणि घटना बदलल्या. पण गुन्हा एका व्यक्तीच्या लोभातून नगराच्या पायाभरणीत नेऊन ठेवला. धरण, कालवा आणि भूसंपादन या शब्दांचे वजन ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला हे स्थलांतर समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे पार्श्वनिवेदन नाही. मात्र कॅमेरा खासगी गुप्तहेर जेक गिटीस याला सोडत नाही. त्याला जेवढे कळते तेवढेच प्रेक्षकाला कळते, आणि तो बेशुद्ध पडतो तेव्हा पडदाही काळा होतो. गिटीसला, आणि त्याच्याबरोबर आपल्याला, एव्हलिन मलरे ही खोटे बोलणारी, पतीच्या मृत्यूत गुंतलेली स्त्री वाटते. असे वाटण्याचे कारण पुराव्यात कमी आणि सवयीत अधिक आहे. आपण आधीचे न्वार चित्रपट पाहिलेले असतात. फिलिसला ओळखणारा प्रेक्षक एव्हलिनलाही ओळखल्याचा भ्रम बाळगतो. गिटीस तिच्या तोंडात मारून तिच्याकडून सत्य काढून घेतो, आणि ते सत्य बाहेर येते तेव्हा ती अपराधी नसून पित्याच्या अत्याचाराची बळी असल्याचे उघड होते. म्हणजे येथे कबुली आहे, परंतु ती बळीची आहे आणि मारहाण करून मिळवलेली आहे. एका प्रसंगात संपूर्ण चित्रप्रकाराच्या पूर्वग्रहाचा हिशेब मांडला गेला आहे.

खरा अपराधी नोआ क्रॉसही बोलतो, पण त्याला लाज नाही. योग्य वेळ आणि योग्य जागा मिळाली तर माणूस काहीही करू शकतो, या अर्थाचे त्याचे उद्गार कबुलीचे नसून सिद्धान्ताचे आहेत. ही भूमिका जॉन ह्यूस्टन यांनी केली आहे. 'द माल्टीज फाल्कन'चे दिग्दर्शक तेच, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. क्रॉससमोर गिटीस पुरावा म्हणून चष्मा ठेवतो आणि पुढच्याच क्षणी तो गमावून बसतो. श्रोता आहे, पण त्याच्या ऐकण्याला सामर्थ्य नाही. शेवटी पोलिसांच्या गोळीने एव्हलिन मरते आणि तिची मुलगी क्रॉसच्या हाती जाते. टाऊन यांच्या मूळ आराखड्यात क्रॉसचा अंत होता. हा शेवट पोलान्स्की यांनी आग्रहाने बदलला.

बंधनमुक्तीचा लाभ कोठे झाला, हे येथे स्पष्ट दिसते. १९४४ मध्ये असा शेवट आणि असा विषय शक्यच नव्हता. परंतु लाभ केवळ दुष्ट सुटला हे दाखवण्यात नाही. तो सुटण्यात सद्हेतूने वागणाऱ्या शोधकाचा, आणि म्हणून आपला, वाटा किती, हे दाखवण्यात आहे. हे भान नसेल तर अपराध्याची सुटका हाही एक ठराविक साचाच होतो. 'बॉडी हीट' (१९८१) या 'डबल इंडेम्निटी'च्या वळणाने जाणाऱ्या चित्रपटात कारस्थानी स्त्री शेवटी सुटते. चित्रपट कौशल्यपूर्ण आहे. पण शिक्षेच्या जागी सुटका आली म्हणून त्याची नैतिक दृष्टी अधिक खोल झाली, असे म्हणता येत नाही.

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' : साक्षीदाराचा आवाज

जोएल व ईथन कोएन यांचा 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या २००५ मधील कादंबरीवर आधारित असून १९८० च्या पश्चिम टेक्सासमध्ये घडतो. पार्श्वनिवेदन येथे परत आले आहे. परंतु तो आवाज अपराध्याचा नाही, शोध तडीस नेणाऱ्याचाही नाही. तो एड टॉम बेल या निवृत्तीला आलेल्या शेरीफचा आहे. प्रत्येक घटनास्थळी तो उशिरा पोचतो. त्याचा आवाज साक्षीदाराचा आहे.

लुएलिन मॉसला वाळवंटात वीस लाख डॉलरची बॅग सापडते. ती घेऊन तो सुखरूप घरी येतो, आणि रात्री एका मरणासन्न माणसाला पाणी देण्यासाठी परत जातो. त्यामुळेच तो हेरला जातो. अभिजात न्वारमध्ये लोभाची एक चूक माणसाला बुडवते. येथे लोभाची चूक कदाचित पचली असती, दयेची पचत नाही. पुढे मॉसचा मृत्यू पडद्याबाहेर घडतो. ज्याच्या मागे आपण दीड तास धावलो, त्याचे प्रेत बेलबरोबर आपणही उशिरा पोचून पाहतो. रॉजर डीकिन्स यांचा कॅमेरा मोकळे, प्रकाशाने भरलेले माळरान दाखवतो आणि पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. काय वाटून घ्यावे, हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही.

अँटन शिगर हा मारेकरी नाणे उडवून माणसांचे मरण ठरवतो. त्याला पूर्वकथा नाही, पश्चात्ताप नाही, म्हणून कबुलीही नाही. हीच आधुनिक गुन्हेपटाची सर्वांत मोठी जोखीम होय. अपराधी जेव्हा दैवासारखा येतो, तेव्हा प्रेक्षक भयभीत होतो. पण त्याला स्वतःविषयी प्रश्न पडत नाही. 'मोटार सुरू व्हावी' असे शिगरच्या बाबतीत कोणालाच वाटत नाही. दुष्टता परकी झाली की आपण सारे निर्दोष ठरतो. गेल्या काही दशकांतील अनेक गुन्हेपटांनी हा सोपा मार्ग पत्करला आहे.

कोएन बंधूंनी ही जोखीम ओळखली असावी, असे एका बदलावरून दिसते. कादंबरीत मॉसची पत्नी कार्ला जीन अखेर छापा की काटा ते सांगते आणि हरते. चित्रपटात ती सांगण्यास नकार देते. नाण्याला काही म्हणायचे नसते, निर्णय तुझाच आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. ती वाचत नाही. पण दैवाच्या बुरख्याआड लपलेला कर्ता तिने उघडा पाडलेला असतो. डिक्टाफोनसमोर बसून नेफने जे स्वतःहून मान्य केले, ते येथे बळी अपराध्याला सुनावते.

आणखी एक प्रसंग आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. काळ बिघडला, पूर्वी असे नव्हते, अशी बेलची धारणा असते. त्याचा वृद्ध आप्त एलिस त्याला १९०९ मधील एका निर्घृण हत्येची आठवण सांगतो. या भूमीवर हे नवीन नाही, आणि आपल्यालाच हे पाहावे लागते आहे असे मानणे हा अहंकार आहे, असा त्याचा रोख असतो. जुन्या न्वारच्या संयमाकडे पाहून आजच्या चित्रपटाबद्दल उसासे टाकणाऱ्या समीक्षकालाही हे उत्तर लागू पडते. शेवटी बेल आपल्या पत्नीला वडिलांविषयीची दोन स्वप्ने सांगतो. निवाडा करणारा कीज येथे नाही. पण शांतपणे ऐकून घेणारे एक माणूस आहे. चित्रपट तेथेच थांबतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अभिजात फिल्म न्वारमध्ये अपराधी बोलतो आणि निवाडा करू शकणारा श्रोता त्याला लाभतो. १९७० च्या दशकात बळीला बोलणे भाग पडते आणि श्रोता असमर्थ ठरतो. एकविसाव्या शतकात साक्षीदार बोलतो आणि अपराधी निवेदनाबाहेर जातो. अपराधाचे स्थान व्यक्तीकडून व्यवस्थेकडे आणि तेथून दैवसदृश शक्तीकडे सरकल्याचे यातून दिसते.

२. संहितेच्या बंधनामुळे जुना चित्रपट आपोआप नीतिमान झाला नाही आणि बंधन गेल्याने नवा चित्रपट आपोआप सत्यनिष्ठ झाला नाही. 'डीटूर'मध्ये बंधन उपरे राहिले. 'डबल इंडेम्निटी'त ते पचवून त्यापलीकडे जाता आले. यातून सेन्सॉरशिपचे समर्थन निघत नाही. 'चायनाटाऊन'मधील एव्हलिनची कथा मुक्ततेशिवाय सांगताच आली नसती, हे विसरता कामा नये.

३. स्त्रीला निवेदन नाकारणे ही अभिजात न्वारची गंभीर उणीव होती. पुढील चित्रपटांनी ती केवळ सुधारली नाही, तर ती प्रेक्षकाच्या सवयीतही होती, हे दाखवून दिले.

४. गुन्हेपटाचे मूल्यमापन करताना रक्त किती सांडले वा शिक्षा झाली की नाही, यापेक्षा प्रेक्षकाला स्वतःकडे पाहणे भाग पडते का, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो.

या शेवटच्या निकषाचा वर्गातही उपयोग आहे. 'शेवटी पकडला जाणारच' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला चित्रपट पुन्हा त्या बंद पडलेल्या मोटारीपाशी थांबवून विचारावे, 'या क्षणी तुला काय व्हावेसे वाटले?' आणि आजच्या गुन्हेपटाला नुसता रक्तपात म्हणणाऱ्या अध्यापकाने कार्ला जीनचा नकार पुन्हा एकदा ऐकावा. दोघांनाही आपले मत थोडे बदलावे लागेल, आणि चित्रपटाच्या अध्यापनाने एवढे केले तरी ते पुरेसे आहे.